रोज संध्याकाळी दोन आकडे: एव्हरेस्ट बेस कॅम्प, दोघांनी

निघण्याच्या आठवडाभर आधी आम्ही नवराबायकोने जेवणाच्या टेबलावर बसून वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहिल्या आणि खाली दोघांनी सह्या केल्या. पहिली ओळ: रोज संध्याकाळी सहा वाजता दोघांनी आपापल्या त्रासाचा आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, एकमेकांना न विचारता, आणि मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. दुसरी: कोणाचंही डोकं दुखत असेल आणि त्याचा आकडा तीन किंवा जास्त आला, तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही. तिसरी: एकाला उतरावं लागलं तर दोघं उतरणार. ते पान घडी करून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या त्या ट्रेकमध्ये सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याच पानाचा.

जोडीने जाणाऱ्यांचा धोका ग्रुपने जाणाऱ्यांपेक्षा थोडा वेगळा असतो. ग्रुपमधला माणूस लीडरला "डोकं दुखतंय" असं सांगून मोकळा होतो. जोडीतला माणूस गप्प बसतो. समोरच्याने सहा महिने सराव केलाय, रजा जमवलीय, विमानाची तिकिटं काढलीत, आणि आता आपल्यामुळे त्याचं सगळं वाया जाणार, हा विचार डोकेदुखीच्या आधी येतो. दुसरीकडे, रोज एका घरात राहणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला वाचता येतो अशी खात्री असते. साडेचार हजार मीटरवर ती खात्री धरून चालू नये. तिथे सगळ्यांचेच चेहरे सुजलेले, ओठ फुटलेले आणि बोलणं तुटक असतं. म्हणून आकडा लिहायचा, आणि तोही आधी स्वतःचा स्वतः.

हा आकडा म्हणजे लेक लुईस स्कोअर. डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, थकवा आणि चक्कर अशी चार लक्षणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. पूर्वी यात झोपेचाही प्रश्न असायचा, २०१८ च्या सुधारणेत तो काढला, कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच मोडते. डोकेदुखी असून एकूण तीन किंवा जास्त म्हणजे एएमएस, विरळ हवेचा आजार. नव्या उंचीवर पोचल्यावर निदान सहा तासांनी मोजायचा. आल्या आल्या मोजला तर चालण्याचा थकवाच त्यात धरला जातो. बहुतेक दिवशी दुपारी बारा-एकपर्यंत लॉज गाठायचा असतो, म्हणून आम्ही संध्याकाळचे सहा ठरवले.

पुण्यातली तयारी

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, आणि अख्ख्या महाराष्ट्रात सर्वात उंच असलेलं कळसूबाई १,६४६ मीटर. इथे कितीही चढलं तरी शरीराला विरळ हवेची सवय लागत नाही. तोंडाला लावून पळायचे जे मास्क मिळतात त्यांनीही लागत नाही, ते फक्त श्वास घ्यायला अडथळा करतात, हवा विरळ करत नाहीत. सह्याद्रीत तयार होतात पाय, गुडघे आणि फुप्फुसांचा दम. तेवढ्यासाठी आपल्याकडे उत्तम सोय आहे.

आम्ही सोळा आठवडे धरले. आठवड्याला तीन दिवस पहाटे पर्वती, १०३ पायऱ्या, सुरुवातीला पाच फेऱ्या आणि शेवटी पंधरा. दोन दिवस वेताळ टेकडी, पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन. सॅकेत वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि टेकडीच्या माथ्यावर पोचलं की निम्म्या झाडांना ओतायच्या. चढताना वजन मिळतं आणि उतरताना गुडघे वाचतात. रविवारी सिंहगड, आतकरवाडीतून. साधारण सहाशे मीटरची चढाई आहे. आठ किलो घेऊन ती सव्वा तासात होत असेल, वर पोचल्यावर दोन मिनिटांत श्वास जागेवर येत असेल, तर पायांची तयारी बरी आहे. हे महिने पावसाळ्याचे, त्यामुळे वाट निसरडी असते आणि गडावरची गर्दी वाटेतही भेटते. पहाटे साडेपाचला पायथा सोडला तर दोन्हींचा त्रास कमी.

पण एका दिवसाच्या चढाईवर समाधान मानू नये. बेस कॅम्पच्या ट्रेकमध्ये लागोपाठ बारा-चौदा दिवस रोज पाच ते सात तास चालायचं असतं, आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पायांनी निघण्याची. त्यासाठी राजगड-तोरणा दोन दिवसांत करावा. कात्रज ते सिंहगड, म्हणजे केटूएस, रात्रीत केला तर टेकड्यांची सलग चढउतार आणि झोपेविना चालणं या दोन्हींचा अंदाज येतो. यात आणखी एक गोष्ट तपासायची: दोघांपैकी कोणाचा वेग कमी पडतो आणि कधी. आमच्यात चढावर नवरा पुढे असायचा, उतारावर मी. हे घरीच माहीत असलेलं बरं.

फिटनेस आणि एएमएस यांचा मात्र संबंध नाही. धावणारा माणूस उंचीवर आजारी पडतो आणि शेजारचे पोट सुटलेले काका ठणठणीत असतात, असं तिथे सर्रास दिसतं. उलट दमदार माणूस वेगाने चढतो, शरीराला सरावायला वेळ देत नाही आणि अडकतो.

कागदपत्रं

नेपाळला विमानाने जाताना भारतीयांना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. प्रौढांना आधार कार्ड चालत नाही. जोडप्यांचा घोळ होतो तो नावात. मतदार ओळखपत्रावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, विम्यावर दोन्हींची खिचडी. तिकीट, ओळखपत्र आणि विमा या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एक असायला हवं. हे महिनाभर आधी बघावं, कारण दुरुस्तीला वेळ लागतो.

विम्याच्या पॉलिसीत उंचीची मर्यादा शोधायची. साध्या प्रवास विम्यात ट्रेकिंग एक तर वगळलेलं असतं किंवा तीन-चार हजार मीटरपर्यंतच धरलेलं असतं. ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका असं पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि ते दोघांच्याही नावावर. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीची परवानगी घ्यावी लागते, म्हणून तो चोवीस तासांचा नंबर दोघांच्या फोनमध्ये आणि दोघांच्या कागदावर हवा. एकाच्याच फोनमध्ये असेल तर नेमका तोच फोन थंडीने बंद पडलेला असतो.

औषधं

विरळ हवेच्या त्रासावरच्या डायमॉक्स या गोळीबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. काही जण त्याला दुबळ्यांची काठी समजतात, काही जण खिसाभर घेऊन जातात. प्रतिबंधासाठीचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे सहसा २५० ची गोळी मिळते, म्हणजे अर्धी करून घ्यायची. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरला आधी सांगायलाच हवं. एरवीही स्वतःच्या मनाने सुरू करू नये. पुण्यात असतानाच दोन दिवस घेऊन बघितली, कारण बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं आणि सोड्याची चव बिघडते. हे घरी कळलेलं असलं की तिथे घाबरायला होत नाही.

बाकी डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, जुलाबासाठी ओआरएस, पायाच्या फोडांसाठी चिकटपट्टी, पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनच्या गोळ्या. या सगळ्याचे दोन संच, दोघांच्या सॅकेत. डेक्सामेथासोन हे मेंदूला सूज आल्यावरचं आणि निफेडिपिन हे फुप्फुसात पाणी झाल्यावरचं औषध. ती गाइडकडे आहेत का, हे आम्ही ठरवतानाच विचारलं होतं.

मासिक पाळीचं वेळापत्रक उंचीवर बिघडू शकतं, त्यामुळे तारीख नसली तरी सामान बरोबर ठेवावं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर उंचीवर जाण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. वापरलेले पॅड झिपच्या पिशवीत घालून परत आणायचे. लॉजच्या शेगडीत टाकायचे नाहीत. शेर्पांच्या घरात चूल पवित्र मानतात, आणि जेवणघरातली शेगडी ही त्यांची चूलच असते.

ओझं दोघांत कसं वाटायचं

ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाच्या छोट्या विमानात माणशी दहा किलो सामान आणि पाच किलो हातातलं, एवढीच परवानगी. दोघांचं मिळून वीस किलोची एक डफल, आणि ती उचलायला एक पोर्टर. पोर्टरचं स्वतःचं सामानही त्यात धरा. सगळं मिळून तीस किलोच्या वर त्याच्या पाठीवर जाता कामा नये. त्याच्याकडे बूट, जाकीट आणि हातमोजे आहेत ना, हे पहिल्याच दिवशी बघा.

जोडीने जाण्याचा फायदा इथे मिळतो: एकच टूथपेस्ट, एकच सनस्क्रीन, एकच चार्जर, एकच पॉवर बँक. पण वाटणी करताना एक चूक सगळे करतात. "तुझं जाकीट माझ्या सॅकेत टाक, टॉर्च तुझ्याकडे असू दे" असं म्हणत सामान एकमेकांत गुंतवून टाकतात. मग एकाला अचानक खाली न्यावं लागलं की दुसऱ्याकडे ना टॉर्च उरतो ना पैसे. प्रत्येकाच्या सॅकेत स्वतःचं डाउन जाकीट, रेनकोट, हेडटॉर्च, दोन लिटर पाणी, औषधं, ओळखपत्राची प्रत, खाऊ आणि निम्मे नेपाळी रुपये असलेच पाहिजेत. भारतीय एक रुपया म्हणजे एक रुपया साठ पैसे नेपाळी, हा दर ठरलेला आहे. नामचे या वाटेतल्या मोठ्या गावाच्या पुढे एटीएमवर विसंबू नका.

पाण्याच्या बाटल्याही वेगळ्या. दिवसाला प्रत्येकी तीन ते चार लिटर जायला हवेत, आणि एका बाटलीतून दोघं प्यायले की कोण किती प्यायलं हे कळत नाही. शिवाय खोकला आणि जुलाबही वाटून घेतले जातात.

स्लीपिंग बॅग काठमांडूच्या थमेलमधून भाड्याने घेतल्या. तिथे जोडप्यांना हमखास एक डावी आणि एक उजवी चेन असलेल्या बॅगा दाखवतात, एकमेकींना जोडता येणाऱ्या. दोन रात्री जोडून बघितल्या. खांद्याजवळ फट राहते, एकाने कूस बदलली की दुसऱ्याच्या पाठीत गार वारा जातो. नामचेच्या वर वेगवेगळ्याच वापराव्यात. उबेसाठी कढत पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवावी, सकाळी तेच पाणी प्यायला होतं.

खाण्याचं सामान थोडंच, पण नेमकं. उंचीवर गोड नकोसं होतं, भूक मरते. शेंगदाण्याची चिक्की आम्ही किलोभर नेली आणि निम्मी उरली. संपलं काय, तर मेतकूट, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं आणि तिखट खाकरा. लॉजमधल्या गरम भातावर मेतकूट आणि चमचाभर लोणी घातलं की दोन घास जास्त जातात, आणि त्या उंचीवर दोन घासांनाही फार किंमत आहे.

वर जाताना

गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, त्यामुळे मध्यरात्रीनंतर काठमांडू सोडून चार-पाच तास गाडीने जावं लागतं. लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि जवळजवळ बारा टक्के उताराची. दुपारनंतर वारा आणि ढग वाढतात, म्हणून उड्डाणं सकाळीच. विमान रद्द होणं हे तिथे रोजचं, तेव्हा परतीच्या बाजूला निदान दोन दिवस मोकळे ठेवायलाच हवेत. आम्ही एकूण चार ठेवले: दोन लुक्लासाठी, दोन शरीरासाठी.

लुक्ला २,८६० मीटर. पहिला मुक्काम फाकदिंग २,६१०, म्हणजे आधी उतरायचंच आहे. दुसऱ्या दिवशी जोरसल्लेच्या पुढे दूधकोसीवरचा उंच झुलता पूल ओलांडला की नामचेची सहाशे मीटरची चढण लागते. इथेच जोड्या पहिल्यांदा भांडतात. एक पुढे जाऊन थांबतो, दुसरा घामाघूम पोचतो, आणि तो पोचला की पहिला लगेच निघतो. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. उपाय साधा आहे: ज्याचा वेग कमी, तो पुढे. मागच्याने त्याच्या पावलावर पाऊल टाकायचं. वेग इतकाच ठेवायचा की न धापता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आमचा गाइड दर वळणावर "बिस्तारै, दिदी, बिस्तारै" म्हणायचा. हळूहळू. दहा दिवसांत आम्ही हा एक नेपाळी शब्द सगळ्यात जास्त ऐकला.

याकांचा तांडा आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला उभं राहायचं, दरीकडच्या नाही. लादलेल्या याकाचा धक्का नुसता सहज लागला तरी माणूस खाली जातो.

नामचे ३,४४० मीटर, आणि तिथे दोन रात्री. मधल्या दिवशी ३,८८० मीटरवरच्या हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यूपर्यंत चढून, खुमजुंग गावातून परत यायचं. १९६१ मध्ये एडमंड हिलरींनी सुरू केलेली शाळा याच खुमजुंगमध्ये आहे. चढायचं उंच, झोपायचं खाली, हेच सरावण्याचं तंत्र. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा. पुढे तेंगबोचे ३,८६०, मग दिंगबोचे ४,४१० आणि तिथेही दोन रात्री. दिंगबोचेच्या मोकळ्या दिवशी नांगकार्त्शांगच्या धारेवर पाच हजार मीटरच्या आसपास जाऊन आलो. समोर अमा दब्लम, ६,८१२ मीटर, अख्खा वेळ डोळ्यांसमोर.

तोपर्यंतच्या चिठ्ठ्या: नामचेला शून्य आणि एक, तेंगबोचेला एक आणि शून्य, दिंगबोचेला एक आणि दोन. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही होता. दिंगबोचेला दोघांचा आकडा ८५ च्या आसपास होता. तो बघताना बोट गरम असावं, नखाला नेलपॉलिश नसावं, आणि अर्धा मिनिट आकडा स्थिर होऊ द्यावा. गार बोटावर तो ७० ही दाखवतो आणि माणूस उगाच हादरतो. पण निर्णय ऑक्सिमीटरवर घेऊ नये. आकडा चांगला आणि डोकं फुटतंय, असं असेल तर डोक्याचं ऐकायचं.

रात्रीबद्दल सांगायलाच हवं, कारण हे फक्त जोडीदाराला ऐकू येतं. चार हजारांच्या वर झोपेत श्वास लाटांसारखा चालतो. चार-पाच खोल श्वास, मग काहीच नाही. दहा-पंधरा सेकंद शांतता, आणि मग एकदम मोठा श्वास. शेजारी जागं असलेलं माणूस त्या शांततेत घाबरून उठतं. कारण असं की विरळ हवेत माणूस भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मेंदूकडून श्वासाची सूचनाच थोडा वेळ थांबते. हे बहुतेकांना होतं, घातक नसतं आणि डायमॉक्सने कमी होतं. हलवून उठवायचं ते दुसऱ्या खुणांवर: पडल्या पडल्या धाप, छातीत घरघर, निळसर ओठ, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी. ही फुप्फुसात पाणी होण्याची लक्षणं, आणि तेव्हा सकाळची वाट बघायची नसते.

लोबुचे

दिंगबोचेहून थुक्ला, मग तिथली उभी चढण, आणि वर ४,८३० मीटरवर गिर्यारोहकांच्या स्मृतीसाठी रचलेले दगडी चोर्तेन. एव्हरेस्टवीर बाबू चिरी शेर्पांचं स्मारकही इथेच आहे. पुढे खुंबू हिमनदीच्या कडेने लोबुचे, ४,९४० मीटर. दुपारी एकला पोचलो. जेवणघरात शेगडी पेटली होती, बाहेर वारा. पाणी तिथे साधारण ८४ अंशांना उकळतं, त्यामुळे डाळभात प्रेशर कुकरशिवाय होत नाही आणि चहाही कोमटच वाटतो.

सहाला चिठ्ठ्या उघडल्या. माझा आकडा दोन. त्याचा पाच: डोकेदुखी दोन, मळमळ एक, थकवा एक, चक्कर एक. तासभर आधी मी विचारलं होतं तेव्हा त्याचं उत्तर होतं "बरंय". बोलताना निघालेलं "बरंय" आणि लिहिताना निघालेला पाच, एवढा फरक एका तासात.

पुढची पायरी ठरलेली होती. एका रेषेत टाचेला चवडा लावत दहा पावलं चालून बघायचं. तोल गेला, पाय बाजूला पडला, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची, आणि त्याच क्षणी, रात्र असली तरी, उतरायला लागायचं. तो सरळ चालला. तारीख, वार, आमच्या सोसायटीचं नाव नीट सांगितलं. पॅरासिटामॉल आणि पाणी दिलं. नियमाप्रमाणे साध्या एएमएसला त्याच उंचीवर थांबलं तरी चालतं, पण रात्री दहाला उलटी झाली आणि डोकेदुखी गोळीने हटली नाही. थांबूनही वाढतंय म्हणजे उतरायचं. वाट सोपी होती आणि चालण्यात तोल होता, म्हणून गाइडने पहाट धरली. रात्रभर दर तासाला उठवून तेच प्रश्न विचारले आणि तीच दहा पावलं चालवून बघितली.

पहाटे पाचला निघालो, दोघं. त्याने एकदा म्हटलं की गाइड त्याच्याबरोबर राहील, मी पोर्टरबरोबर पुढे बेस कॅम्प करून यावं. पासपोर्टच्या कव्हरमधलं पान बाहेर काढावंही लागलं नाही. आजारी माणसाची अवस्था वाटेत बदलू शकते, आणि त्याचं नेहमीचं बोलणं, नेहमीची चाल कशी असते हे ओळखणारं माणूस तिथे एकच होतं. गाइडला तो तुटक बोलतोय हे कळेल, पण तो एरवी किती बडबडतो हे कुठून कळणार?

फेरिचे ४,३७१ मीटर, म्हणजे साधारण पावणेसहाशे मीटर खाली. इथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदतकेंद्र आहे, १९७३ पासून. वसंतात आणि शरदात, ट्रेकच्या हंगामात तिथे डॉक्टर असतात. त्यांनी छाती तपासली, फुप्फुसं स्वच्छ होती. सल्ला असा: लक्षणं पूर्ण जाईपर्यंत वर जायचं नाही, आणि मग जाताना आधीपेक्षा हळू. उतरताना दोन तासांतच त्याची डोकेदुखी निम्मी झाली होती. संध्याकाळी चिठ्ठीवर दोन. दुसऱ्या दिवशी फेरिचेतच राहिलो, नदीकाठाने हळूहळू तासभर फिरलो. संध्याकाळी दोघांचे शून्य.

चूक कुठे झाली, हेही शोधलं. दिंगबोचे ते लोबुचे ही उडी ५३० मीटरची, पाचशेच्या किंचित वर. आधीचा तेंगबोचे ते दिंगबोचे टप्पाही ५५० चा. शिवाय लोबुचेला जाताना थुक्लाच्या चढावर थंड वाऱ्यामुळे आम्ही वेग वाढवला होता, आणि त्या दिवशी त्याच्या पोटात दीड लिटरच पाणी गेलं होतं. वेगळ्या बाटल्या होत्या म्हणून ते कळलं.

पुन्हा वर

या वेळी फेरिचे ते लोबुचे हा टप्पा तोडला. पहिली रात्र थुक्लाला, ४,६२० मीटर. तिथे दोन-तीनच लॉज आहेत, गाइडने आदल्या दिवशी निरोप पाठवून खोली धरली. दुसरी लोबुचेला. चिठ्ठ्या: एक-शून्य, एक-एक. तिसऱ्या दिवशी गोरकशेप, ५,१६४ मीटर. सकाळी दहाला पोचलो, सूप आणि उकडलेले बटाटे खाल्ले आणि बेस कॅम्पकडे निघालो. अंतर थोडं, पण हिमनदीच्या कडेची वाट दगडगोट्यांची आणि सतत वरखाली, जाऊन-येऊन पाच तास गेले. एक वाजला की परत फिरायचं, मग कुठेही असू, असं ठरवलं होतं. पावणेएकला पोचलो.

ज्यांना एव्हरेस्ट डोळे भरून बघायचंय त्यांनी एक लक्षात घ्यावं: बेस कॅम्पवरून शिखर दिसत नाही, एव्हरेस्टचाच पश्चिमेकडचा खांदा आड येतो. ते दिसतं कालापत्थरवरून, ५,५४५ मीटर. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. ऑक्टोबर संपताना तिथे उणे दहाच्या खाली जातं. पाण्याच्या बाटल्या सॅकेत उलट्या ठेवाव्यात, बर्फ वरच्या टोकाला आधी धरतं, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. फोन आणि टॉर्चचे जादा सेल आतल्या खिशात, अंगाला लागून. नाकातोंडावर बफ, नाहीतर कोरड्या गार हवेने खुंबू खोकला धरतो आणि तो पुण्यात आल्यावरही दोन आठवडे सुटत नाही. वीस पावलं, थांबा, पाच श्वास, पुन्हा वीस पावलं. तो पुढे, मी मागे. वर पोचायला अडीच तास लागले. शेजारच्या नुप्त्से शिखराच्या मागून एव्हरेस्टचा काळा सुळका उन्हात आला तेव्हा आमच्यातलं कोणीच काही बोललं नाही, दोघांचेही दात वाजत होते आणि मी त्याचा हातमोजा घट्ट धरला होता.

उतरताना

उतरायला निघाल्यावर लक्ष सुटतं, आणि घोटे तिथेच मुरगळतात. गोरकशेप ते लुक्ला साधारण तीन-चार दिवस. पायाची नखं आदल्या रात्री कापायची, बुटाची नाडी घोट्याजवळ दुहेरी आवळायची म्हणजे पंजा पुढे सरकून नखं काळी पडत नाहीत. काठ्या पाच-सात सेंटिमीटर लांब करायच्या. उतारावर मी पुढे जायची ती सवय इथे मोडली: आता त्याचे गुडघे दुखत होते, म्हणून पुढे तो.

फेरिचे, मग नामचे. चार हजारांच्या खाली आल्यावरही चिठ्ठ्या थांबवल्या नाहीत, कारण वर धरलेला खोकला किंवा धाप उतरताना कमी व्हायला हवी. झाली नाही तर पुन्हा डॉक्टर. नामचेला त्याची भूक परत आली, डाळभात तीनदा वाढून घेतला, आणि लोणच्याची बाटली तिथेच संपली.

लुक्लाला ढगामुळे एक दिवस विमानं उडाली नाहीत. राखलेले दिवस फेरिचेच्या वळशात गेलेच होते, त्यात हा आणखी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वजनकाट्यावर डफल ठेवली: साडेसतरा किलो. जाताना एकोणीस होती. चिक्की अजून निम्मी शिल्लक होती, ती आम्ही पोर्टरच्या मुलांसाठी काढून दिली.